पडद्यावरचे भंतेजी

मैना अकोल्याहून आली तेव्हा मांडवाच्या बल्ल्या नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या. तिच्या भावाच्या, देवरावाच्या पोरीचं, शालूचं लग्न परवावर आलं होतं. भावजयीनं, आशाबाईनं, तिच्या हातातली पेटी घेतली आणि म्हणाली, "पयले भंतेजीच्या पाया पडून ये, मैनाबाई. एकदा ध्यानाले बसले की उठत नाईत."

मैना तशीच वस्तीच्या टोकाला गेली. तिथं विहाराच्या भिंती कमरेइतक्या चढल्या होत्या आणि वर टिनाचं छप्पर होतं. भंते मेघानंद तिथं राहत. मागच्या हिवाळ्यात देवरावाच्या पोराला, धर्मपालला, ते बडनेऱ्याच्या स्टेशनावर भेटले आणि तो त्यांना धामणगावला घेऊन आला. ब्रह्मदेशात शिकून आले, असं ते सांगत. जुने देव वर्धा नदीत सोडून आल्याला वस्तीला आता काही वर्षं झाली होती. काय करायचं नाही ते सगळ्यांना पाठ होतं. काय करायचं ते सांगायला माणूस नव्हता. तो मिळाला. देवरावाच्या म्हाताऱ्या आईनं, सुंदराबाईनं, दात नसलेल्या तोंडानं त्यांच्याकडून त्रिशरण-पंचशील पाठ केलं आणि मग वस्तीतल्या बायांना शिकवलं. बुद्धाची मूर्ती मुंबईला ओतून आणतो असं भंतेजी म्हणाले, तेव्हा घराघरातून पितळेचे गुंड, तांब्याची गंगाळं, हंडे निघाले. लग्न लावून झालं की ते सगळं घेऊन ते मुंबईला जाणार होते. भांड्यांची पोती कोपऱ्यात बांधून ठेवली होती.

मैनेनं डोकं टेकवलं. भंतेजींनी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला, डोळे सावकाश उघडले आणि उजवा हात वर केला. करंगळी मोडून जुळल्यासारखी बाहेर वाकलेली होती.

"कल्याण होवो," ते म्हणाले.

मैना उठली, पण तिची नजर त्या बोटावरून हलेना, तसा भंतेजींनी हात चिवरात ओढून घेतला. हा हात तिनं पाहिला होता. हा आवाजही ऐकला होता.

देवराव आडावर हातपाय धूत होता. कापसाच्या जिनातली सुटी झाली होती, अंगावर अजून सरकीची धूळ होती. मैना जवळ जाऊन उभी राहिली.

"दादा, एक सांगतो. रागावू नोको."

"सांग."

"हे भंतेजी मी सिनेमात पाह्यले."

देवराव हसला. बहिणीचं सिनेमाचं वेड सगळ्या घराला माहीत होतं. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा तेलाच्या घाण्यावर गेला की ती शेजारणींबरोबर दुपारचा खेळ गाठायची आणि पडद्यावर जे झालं ते आपल्या गल्लीत झाल्यासारखं सांगायची.

"खरं सांगून राहिली मी. देवादिकाचा सिनेमा हाये. त्यात एक ऋषी हाये, राणीले आशीर्वाद देते. जटा हायेत, दाढी हाये, पन बोट हेच. डोये मिटून उघडनं हेच."

धर्मपाल मांडवाची दोरी ओढत होता, ती सोडून तो जवळ आला. "आत्या, तुले सिनेमात सगळेच दिसतात. मागं तर तुले आमचे मास्तरसुद्धा दिसले होते."

"थे मी चुकली होती."

"मग आताही चुकली असशीन. त्यांना मी आणलं आहे. चांगल्या माणसावर असं बोलू नये."

मैनेचं तोंड उतरलं. हा भाचा तिच्याच मांडीवर वाढला होता. ती हळू आवाजात म्हणाली, "मी चुकली असीन तं बरंच हाये, बाप्पा. पन थो सिनेमा आता अमरावतीले लागला हाये. नत्थुजीच्या घरचे पाहून आले असतीन. भर मांडवात त्याइच्यातल्या कोनी वयखलं तं?"

देवरावाचं हसू थांबलं. नत्थुजी म्हणजे शालूचे होणारे सासरे. त्यांनी देणं-घेणं काही मागितलं नव्हतं. फक्त म्हणाले होते, लग्न खऱ्या भंतेच्या हातून लागू द्या. आमच्या मोहल्ल्यात असं लग्न अजून कोणी पाहिलं नाही.

"उद्या फुलं आनाले तू अमरावतीले चाललाच हाये," देवराव पोराला म्हणाला. "पाहून ये एकदा."

*

धर्मपाल आत्याला खोटं ठरवायलाच थिएटरात शिरला. बाकावर त्याच्या शेजारी एक म्हातारी नातीला घेऊन बसली होती. पडद्यावर देव आला की ती हात जोडायची.

ऋषींचा आश्रम आला. जटाधारी पाचसहा जण मृगाजिनांवर बसले होते. राणी एकेकाच्या पाया पडत पुढं आली. शेवटच्या ऋषीनं डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला, डोळे सावकाश उघडले. हात वर गेला. वाकडी करंगळी सबंध पडद्यावर दिसली.

"तथास्तु."

शेजारच्या म्हातारीनं हात जोडले.

धर्मपालला ते मिटलेले डोळे पाहून घाम फुटला. पहिल्या दिवशी स्टेशनावर हेच डोळे उघडताना त्यानं पाहिले होते आणि त्याला वाटलं होतं, हा माणूस कुठून तरी खूप आतून परत येतो आहे. कॉलेजच्या सोबत्यांना त्यानं ते कितीदा सांगितलं होतं.

तरी तो बसून राहिला. वाटलं, दाढीजटांच्या आड दुसराही कोणी असेल. पण मध्यंतरानंतर राजाचा दरबार भरला आणि सिंहासनाच्या मागं भाला धरून तोच माणूस उभा होता. आता दाढी नव्हती, जटा नव्हत्या. धामणगावच्या विहारात रोज दिसायचा तोच चेहरा. राजा बोलत होता आणि भालेकरी गुपचूप जांभई आवरत होता.

धर्मपालला हसू आलं. मग त्याला आत्याचं उतरलेलं तोंड आठवलं. फुलांच्या टोपल्या घेऊन तो गाडीत बसला आणि धामणगाव येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिला.

*

दिवस कलायला आला होता. घरात चुलीपाशी सगळे गोळा झाले. धर्मपालनं टोपल्या खाली ठेवल्या आणि तो आधी मैनेपाशी गेला.

"आत्या, तू खरं बोलत होती. मी तुले वाईट बोललो."

मैनेनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "मले काई आनंद नाई झाला रे."

देवराव ताडकन उठला. "आत्ताच्या आत्ता बखोटी धरतो त्याची. पोलिसात देतो."

"अन् उद्याचं काय?" आशाबाईनं त्याची वाट अडवली. ती कालपर्यंत भंतेजींसाठी स्वतःच्या हातानं दुपारचं ताट नेत होती. माहेरचा गुंड तिनंच सर्वांत आधी आणून दिला होता. "पोलीस आले की गावभर होते. बाजारातले लोक काय म्हनतीन? देव टाकून बसले अन् बहुरूप्याच्या पाया पडले, असं म्हनतीन. लगन होऊ द्या. मंग त्याचं काय करायचं थे करा. मी सोता लाटनं घेऊन येतो."

"म्हणजे खोट्या माणसाच्या हातून लग्न लावायचं?" धर्मपाल म्हणाला. "आई, मग जुनं काय वाईट होतं?"

"तू बोलू नोको. तूच आनला त्याले."

धर्मपालच्या चेहऱ्याकडे पाहून मैनाच मध्ये पडली. "वयनी, त्याले बोलू नोका. आपन सगळेच पाया पडलो. देवरावदादा, मी म्हनतो आशावयनी म्हनते तसंच करा. गुपचूप लगन लावून घ्या. शालूचं नाव खराब व्हाले नोको."

कालपासून एकटी पडलेली मैना आता भावजयीच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती. देवरावाला काय करावं सुचेना. जावं तर पोरीचं लग्न मोडतं, थांबावं तर स्वतःची लाज वाटते.

शालू दारात उभी होती. तिच्या हातात उद्याचं पांढरं पातळ होतं, त्याला ती काठ शिवत होती. ती फारशी बोलणारी नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "मी त्याच्यासमोर हात जोडनार नाई. मले मालूम झालं आता. मालूम नसतं तं जोडले असते."

"मंग लगन कोन लावन, बाई?" आशाबाई रडकुंडीला आली.

"आजी लावन."

सगळ्यांनी सुंदराबाईकडे पाहिलं. म्हातारी भिंतीशी बसून तांदूळ निवडत होती. तिचा नवरा बुधाजी गेल्यापासून ती कुठल्याच लग्नात पुढं बसली नव्हती. आधी लोक बसू देत नव्हते, मग तिलाच तशी सवय पडली.

"मी कशी लावीन? बिनकुंकवाची बाई मी."

"तूच तं सगळ्या बायांना शिकवलं," शालू म्हणाली. "कुंकवाचं काय हाये त्यात?"

सुंदराबाईनं सूप बाजूला ठेवलं. ती उठली, चुलीजवळची एक भाकर ताटात घेतली, तिच्यावर वांग्याची भाजी घातली, कोनाड्यातलं एक गाठोडं बगलेत मारलं आणि ती निघाली.

"कोठं चालली, माय?" देवरावानं विचारलं.

"त्याच्याकडं. तुमी कोनी येऊ नोका."

*

मेघानंद विहारात एकटेच बसले होते. म्हातारी आत आली, ताट त्यांच्यापुढं ठेवलं आणि समोर बसली.

"जेवा."

"उपासिके, दुपारनंतर आम्ही अन्न घेत नाही."

"थे भंते घेत नाईत. तुमी घ्या."

मेघानंदांनी डोळे मिटले. सवयीनं छाती भरली. पण डोळे उघडले तेव्हा म्हातारी त्यांच्याकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"माहा नातू आज अमरावतीले जाऊन आला," ती म्हणाली. "माह्या मनात एकच आलं. हा मानूस भंते नाई, तं मंग इतके दिवस संध्याकायचा उपाशी काहून राह्यला? कोनी पाहत नसन तवा काई खात होते का?"

"शेंगदाणे," तो माणूस म्हणाला. "कधी कधी."

"जेवा मंग."

त्यानं ताटाकडे पाहिलं. मग तो जेवला, भुकेल्या माणसासारखा, मान खाली घालून. शेवटच्या घासाला तो म्हणाला, "माझं नाव पुंजाराम, माय. परतवाड्याच्या बाजूचा हावो मी." इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडून वऱ्हाडी आलं.

"लहानपनी नाटकवाल्याइच्या मागं पयालो. मंग सिनेमात. आवाज चांगला म्हनून ऋषी करत जा म्हने. सगळे ऋषी केले. मंग कोनी बोलवेना. आंगावर थेच भगवे कपडे होते, गाडीत बसलो. साधूले तिकीट इचारत नाईत. बडनेऱ्याले उतरलो तं तुमचा नातू समोर आला अन् वाकून म्हनला, भंतेजी. मले तं थो शब्दही मालूम नोयता."

"त्यानं नाव ठेवलं तुमचं."

"त्याचे डोये असे होते, माय, का नाई म्हनाले जीभ रेटली नाई. पहिले दोन घास खाऊन निघून जाऊ म्हनलं. मंग पुस्तक आनलं, पाठ केलं. पाठांतर माहं चांगलं हाये. मंग थे भांडे यायले लागले."

"मूर्ती?"

"मूर्ती कोठली."

सुंदराबाईनं पोत्यांकडे पाहिलं. "मैनानं तुमाले वयखलं थे तुमाले कालच समजलं असन. मंग काहून नाई गेले?"

"गेलो होतो दुपारी. पोते इथंच ठेवून नुसता गेलो. फलाटावर बसलो. गाडी आली अन् गेली. कोठं जाव थे काई समजेना, म्हनून वापस आलो."

बाहेर मांडवातली पोरं दोऱ्या बांधताना एकमेकांना हाका मारत होती. सुंदराबाईला जे विचारायचं होतं ते विचारायची भीती वाटत होती.

"तुमी खोटे निघाले," ती शेवटी म्हणाली. "पन थे शब्द? मले शिकवले थे? मी साऱ्या वस्तीले शिकवले."

"शब्द खरे हायेत, माय. पुस्तकात हायेत तसेच शिकवले. एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाई. पाह्यजे तं थे पुस्तक धर्मपालले वाचाले सांगा."

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. जन्मभर लोकांनी तिला दारातून हाकललं होतं. म्हातारपणी चार शब्द तिचे झाले होते, ते कोणी काढून घेतले नव्हते.

पुंजाराम तिच्याकडे पाहत होता. "माय, माही जात सांगू का तुले?"

"नोको. थे इचारनं आमी सोडून देल्लं."

तिनं बगलेतलं गाठोडं उलगडलं. बुधाजीचं धोतर आणि सदरा होता. "हे घाल. थे आंगावरचं काढून इथं ठेव, घडी करून. अन् सकायी सगळ्याइच्या पुढं ज्याचं भांडं त्याले तूच दे. मार बसला तं खा."

तिनं त्याला 'तू' म्हटलं, ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानं मान हलवली.

*

सकाळी देवराव वऱ्हाड उतरलं होतं त्या जानोशावर गेला. नत्थुजी अंघोळ करून टोपी घालत होते. देवरावानं त्यांना सगळं सांगितलं, काहीच राखून ठेवलं नाही. सांगताना त्याची नजर जमिनीवर होती.

नत्थुजी चारपाईवर बसले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. अमरावतीहून आणलेली माणसं बाहेर चहा पीत होती. ब्रह्मदेशातले भंते पाहायला म्हणून त्यांतले निम्मे आले होते.

"मी साऱ्या मोहल्ल्यात सांगून बसलो," ते म्हणाले.

"हो."

"दुसऱ्या कोनाकडून समजलं असतं, देवराव, तं मी वऱ्हाड उठवलं असतं. तुमी सोता येऊन सांगतलं. आता लगन कोन लावते?"

"माही माय."

"बायको मानूस?"

"आमाले तिनंच शिकवलं."

नत्थुजींनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. देवरावाला वाटलं, आता हा माणूस माणसांना हाक मारेल आणि सामान बांधायला सांगेल. पण ते उठून दारात गेले आणि म्हणाले, "चाला मंग. ऊन व्हायच्या आंत लावून घेऊ."

देवराव परतला तेव्हा विहारापुढं सगळी वस्ती जमली होती. पुंजारामनं पोती सोडली होती आणि भांड्यांवर कोरलेली नावं वाचून तो एकेक भांडं पुढं करत होता. बायका भांडं घेत आणि त्याच्याकडे न पाहता मागं सरत. कोणी शिवी दिली. कोणी थुंकलं. आशाबाईनं आपला गुंड त्याच्या हातातून ओढून घेतला.

देवराव गर्दीतून पुढं घुसला आणि त्यानं हात उगारला. पुंजारामनं तोंड चुकवलं नाही. तो नुसता उभा राहिला. तेवढ्यात देवरावाला तो सदरा दिसला. खांद्यावरचं ठिगळ त्याच्या आईनं लावलेलं होतं, त्याचा बाप तो सदरा घालून दीक्षेला नागपूरला गेला होता. देवरावाचा हात हळूहळू खाली आला.

"जाय, मागं जाऊन बस," तो म्हणाला.

मांडवात पांढऱ्या चादरीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. धर्मपालनं मेणबत्त्या लावल्या. शालू आणि नवरा मुलगा पांढऱ्या कपड्यांत बसले. मैनेनं आईला दोन्ही खांद्यांना धरून पुढं आणलं. सुंदराबाई समोरच्या इतक्या माणसांकडे पाहून क्षणभर घाबरली. मग तिनं नातीकडे पाहिलं आणि हात जोडले.

तिच्या आवाजात जोर नव्हता, पण एकेक शब्द सुटा होता. ती म्हणायची आणि मागून सगळा मांडव म्हणायचा. अमरावतीच्या माणसांनीही टोप्या सावरून हात जोडले. शेवटच्या रांगेत पुंजाराम बसला होता. इतके महिने आधी म्हणायची सवय असलेला तो माणूस आज सगळ्यांच्या बरोबर, सगळ्यांच्या मागून, हलक्या आवाजात म्हणत होता. धर्मपालनं एकदा मान वळवून पाहिलं. पुंजारामचे डोळे उघडे होते आणि त्यातून पाणी वाहत होतं, ते तो पुसतही नव्हता. आता हे खरं की हेही पाठ केलेलं, हे धर्मपालला ओळखता येईना. त्यानं ओळखायचं सोडून दिलं आणि तोही म्हणू लागला.

फुलं पडली, लग्न लागलं. नवरानवरी मोठ्यांच्या पाया पडायला उठली. शालू आजीच्या पाया पडली, सासऱ्यांच्या पडली, आईबापाच्या पडली, मैनेच्या पडली तेव्हा दोघी रडल्या. रांगेरांगेतून वाकत ती शेवटच्या रांगेपर्यंत आली. ती येताना दिसताच पुंजारामनं घाईघाईनं पाय धोतराखाली ओढून घेतले.

शालू त्याच्यापुढं थांबली. सगळा मांडव पाहत होता. ती वाकली नाही. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"काका," ती म्हणाली, "जेवल्याबिगर जाऊ नोका."

आणि ती पुढच्या माणसाच्या पाया पडायला वळली.